एत्तोरेकाकांचा नातू

शेजाऱ्याच्या पोटाच्या भानगडीत पडू नये, एवढी साधी अक्कल मला या वयातही नाही. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावात आमच्या घराशेजारी एत्तोरेकाका राहतात. नव्वदी ओलांडलेले. तरुणपणी इटलीतून डेट्रॉइटला आले, गाड्यांच्या कारखान्यात जन्मभर राबले. बायको गेली. मुलगा इटलीला परत गेला होता, तोही तिकडेच वारला. आता उरलाय एक नातू, फाबियो. दर रविवारी त्याचा फोन येतो, आणि त्या फोनवर म्हातारा आठवडा काढतो.

तर काका म्हणाले, पोट साफ होत नाही. मी बाई लगेच धावले. इंडियन स्टोअरमधून एरंडेल आणलं, सुंठीचा काढा केला, त्यात घातलं आणि कप नेऊन पुढ्यात ठेवला. शेजारी बाटली. त्यांनी लेबल वाचलं आणि कप असा लोटला की सगळं टेबलक्लॉथवर. मला वाटलं, वासाने नको म्हणतात. मी म्हटलं, अहो, आमचा मुलगा नकुल लहानपणी नाक दाबून प्यायचा! त्यावर ते रडायला लागले.

मग सांगितलं. त्यांचे वडील इटलीतल्या पो नदीकाठच्या एका गावात शेतमजुरांची संघटना चालवायचे. मजुरी वाढवून मागितली, संप केला, तेव्हा जमीनदारांचं धाबं दणाणलं. पहिल्या महायुद्धावरून परतलेली, हाताला काम नसलेली पोरं गावात होतीच. त्यांना जमीनदारांनी लॉऱ्या दिल्या, पेट्रोल दिलं. पोरांनी फॅसिस्टांचे काळे शर्ट चढवले. एके दिवशी भर चौकात वडिलांचं नाक दाबून त्यांना बाटलीभर एरंडेल पाजलं, आणि तशाच भरलेल्या कपड्यांत गावातून चालवत घरी नेलं. एत्तोरेकाका त्यानंतर कित्येक वर्षांनी जन्मले. वडिलांनी मान वर केलेली त्यांनी कधी पाहिलीच नाही, का ते आईने पुढे सांगितलं.

पोलीस कुठे होते, मी विचारलं. तिथेच उभे होते म्हणे. आणि गावातली भली माणसं? ती माणसं म्हणाली, दगडापेक्षा वीट मऊ. संप तरी थांबतील, मग या पोरांना घरी पाठवू. पोरंही काही परकी नव्हती, कुणी पाववाल्याचा मुलगा, कुणी मास्तरांचा नातू. नाक दाबणारा तर काकांच्या आईचा आतेभाऊ निघाला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोण? मी घरी येऊन बाटली कचऱ्यात टाकली.

तेवढ्यावर संपलं असतं तर बरं होतं. पण दोन महिन्यांनी हा फाबियो त्याच गावात निवडणुकीला उभा राहिला, एका नव्या पक्षातर्फे. काकांनी मला त्याच्या सभेचा व्हिडिओ दाखवला. पोरगा देखणा, सूट घातलेला, बोलणं गोड. बाहेरून आलेल्यांना हाकला, गावाला शिस्त लावू, असं सगळं. स्वतःचा आजोबा पोट भरायला परदेशी गेलेला, हे बरं विसरला! शेवटी पुढच्या रांगेतल्या काही जणांनी त्या जुन्या काळ्या शर्टवाल्यांसारखे हात ताठ वर केले. फाबियोने त्यांना थांबवलं नाही, नुसता हसला.

त्याला आजोबांकडून एक छोटासा व्हिडिओ हवा होता. गावात अजून जुनी माणसं तुम्हाला ओळखतात, मला आशीर्वाद द्या, बस. काकांनी नाही म्हटलं. फोनवर त्याला पणजोबांची सगळी हकीकत सांगितली. त्याने शांतपणे ऐकली म्हणे, आणि म्हणाला, आजोबा, शंभर वर्षं झाली त्याला, आम्हाला फक्त शिस्त हवीये. पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मला काकांचा काय अभिमान वाटला! मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, घरोघरून पदार्थ आणून केलेल्या जेवणात, दिसेल त्याला सांगत सुटले. घरी येताना माझा नवरा रवी म्हणाला, "तुला सोपं आहे गं. तुला फोन करणारी चार माणसं आहेत." मी त्याच्यावर खेकसले. पण खरं सांगू, थकलेच होते मी. आज या देशाची बातमी, उद्या त्या देशाची, आणि सगळीकडे तेच गुळगुळीत चेहरे. किती दिवस चिडायचं माणसाने?

इकडे काका खंगत चालले. मी दिलेला वरणभाताचा डबा न उघडताच परत यायचा. जेवायच्या टेबलावर ताटलीशेजारी फोन. कुणाचाही वाजला की हात पुढे. शर्ट अंगावर लोंबायला लागला तेव्हा मी नकुलला सांगून डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली, तर ती त्यांनी कॅन्सल केली.

एका सकाळी त्यांनी बोलावलं. गेले तर दाढी केलेली, अंगात बायकोच्या अंत्यविधीला घातलेला कोट. म्हणाले, जरा फोन धरून रेकॉर्ड करशील का, माझा हात थरथरतो.

मला सगळं कळलं. राग मस्तकात गेला. "आणि तुमचे वडील?" मी विचारलं.

"वडील गेले, पद्मा," ते म्हणाले. "मला एकच माणूस उरलंय."

मला नाही म्हणता आलं असतं. रवीला पाठव म्हणाले असते तर रवी नक्की नाही म्हणाला असता. पण मी उभी राहून आमच्या नकुलचा विचार करत होते. उद्या तो असा बोलायला लागला आणि त्याने फोन करणं सोडलं, तर मी काय करीन? उत्तर मला ठाऊक होतं, आणि त्याचाच जास्त राग आला. मी फोन धरला. काका इटालियनमध्ये बोलले, छान हसले. मला फाबियोच्या नावाखेरीज काही कळलं नाही. एका दमात झालं.

"मी थकलेला दिसतोय का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "छान दिसताय."

रविवारी त्यांचा फोन वाजला. आमच्या किचनच्या खिडकीतून दिसत होतं, म्हातारा खुर्चीत पुढे सरकून हसून हसून बोलत होता, समोर माझा डबा उघडा, त्यातलं खात होता. आणि देवाशपथ सांगते, मला बरं वाटलं.