कॅन्सर हमखास बरा करणारी पाटी

मी पाटी बोलतेय, पत्र्याची. शाळेतली नव्हे हं, तेवढी अक्कल असती तर काय हवं होतं! मी दुकानावरची. पेंटरने मला पिवळाधमक रंग दिला आणि वर लाल अक्षरांत लिहिलं, ‘कॅन्सर हमखास बरा! ऑपरेशन नाही!’

"हमखास जरा मोठं काढू का?" त्याने विचारलं.

"काढ की," डॉक्टर म्हणाले. डॉक्टर म्हणजे आपलं आम्हीच त्यांना म्हणायचो.

येणारे-जाणारे थांबून बघायचे. मला वाटायचं, माझ्या रूपावरच भाळलेत.

मग औषध खात्याच्या बाई आल्या. "कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला कायद्याने बंदी आहे. पाटी उतरवा."

डॉक्टरांनी मला उतरवलं नाही. उलट पेंटरकडून माझ्यावर एक ओळ वाढवून घेतली, ‘सरकारने बंदी घातलेलं औषध’. आणि काय सांगू, दुकानात पाय ठेवायला जागा उरेना!

"बंदी घातलीय म्हणजे गुण येत असणारच," लोक एकमेकांना सांगायचे.

त्यातच एक वहिनी आली, ब्लाउज शिवणारी. छातीत गाठ होती, दवाखान्यात ऑपरेशनची तारीखही मिळाली होती. सोबत नणंद.

"कापून घ्यायची एवढी हौस आहे का, वहिनी? वाच की वर!"

"अगं, पण आत्ता काढली तर बरी होशील म्हणाली ना डॉक्टरीण."

"म्हणणारच. तिचं पोट आहे त्यावर."

"आणि यांचं पोट कशावर आहे गं?" वहिनी हसली. मग तिने मान वर करून मला वाचलं. ‘ऑपरेशन नाही’वर डोळे खिळले तिचे. हसू गेलं, आणि ती आत शिरली.

ऑपरेशनची तारीख उलटली. वहिनी पुड्या नेत राहिली. तिचे स्वतःचे ब्लाउज तिला ढगळ व्हायला लागले.

आज बाई पोलिसांना घेऊन आल्या. डॉक्टर मागच्या दाराने पसार. मला खाली काढलं, तेव्हा वहिनी पायरीवरच बसलेली, सोबत नणंद.

"बाई, माझं औषध अर्धंच झालंय हो. उरलेलं आता कुठे मिळेल?"

बाई तिच्या शेजारी टेकल्या. "गाठ केवढी झालीय?"

वहिनीने पदर घट्ट लपेटून घेतला. नणंद रडायलाच लागली.

"पाटी राहू द्या," बाई पोलिसांना म्हणाल्या. "आधी यांना दवाखान्यात पोचवू."

गाडी गेली. मी फुटपाथवर पालथी पडलेय. उशीर झालाय की नाही, मला कोण सांगणार?

तुम्ही इथून जाणार असाल तर एवढं करा, मला उलटवू नका. रस्त्यात अजून माणसं उभी आहेत, घाबरलेली आणि वाचता येणारी.