कालवं उघडणारी सुरी

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे. भाजी चिरणारी नव्हे, कालवं उघडणारी. माझं पातं बोटभर लांब आणि जाड. धार पाहायला गेलात तर हसाल. पण दगडासारखं मिटलेलं कालव उघडायला धारेपेक्षा जोर लागतो. शिंपल्यांच्या सांध्यात टोक रोवायचं, मनगट जरासं फिरवायचं, की कट्‌ असा आवाज होतो आणि कालव उघडतं.

एका लोहाराने मला करवतीच्या मोडक्या पात्यातून घडवलं आणि आत्याच्या हातात दिलं. धक्क्याजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये आत्या सव्वीस वर्षं कालवं उघडत बसली. सारा धक्का तिला आत्या म्हणतो, तिची सूनसुद्धा. समोर लाकडी फळी, बाजूला बर्फाचं ताट, पायाशी समुद्राच्या पाण्याची बादली. बोलता बोलता तिचं पाटीभर काम उरकायचं. "आत्याचा हात म्हणजे यंत्र आहे!" असं लोक म्हणायचे. कौतुक तिच्या हाताचं असायचं, पण फुगायची मी.

त्या वर्षी उन्हाळा फार कडक होता. समुद्राचं पाणी अंघोळीच्या पाण्यासारखं कोमट झालं होतं. आत्या नुकतीच काविळीतून उठली होती. यकृताच्या गोळ्या चालू होत्या, तरी ती कामावर येऊन बसली. एका दुपारी तिच्या डाव्या हातातलं ओलं कालव सटकलं आणि मी तिच्या तळहातात घुसले.

"काय झालं, आत्या?" सून धावत आली.

"काही नाही गं. सुरीला राग आला माझा." आत्या हसली. तिने हात बादलीत बुचकळला. "खाऱ्या पाण्याने जखम लवकर भरते," असं म्हणत चिंधी गुंडाळली आणि पुढचं कालव उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पडले होते. आत्या पाटावर बसून तापाने कुडकुडत होती. हात सुजून टम्म झाला होता आणि त्यावर काळपट पाण्याचे फोड आले होते. लाली मनगटाच्या वर चढली होती.

"दोन दिवस पडून राहते, उतरेल सूज," आत्या म्हणाली.

 सुनेने पेन घेतलं, लाली संपत होती तिथे रेघ मारली आणि चहाचं आधण ठेवलं. चहा उकळून खाली उतरेपर्यंत लाली रेघेच्या पुढे गेली होती.

"आत्या, उठा."

"अगं, पण चहा तरी..."

"चहा गेला खड्ड्यात! उठा आधी!"

सासूशी ती अशी पहिल्यांदाच बोलली असावी. निघताना तिने मला फडक्यात गुंडाळून सोबत घेतलं. डॉक्टरीणबाईंपुढे मला धरत ती म्हणाली, "हिनेच कापलं. गंज असेल का हिच्यावर?"

"गंजाचं नंतर पाहू. जखम झाल्यावर हात कशात बुडवला होता?"

सुनेने बादलीचं सांगितलं, काविळीचंही सांगितलं. डॉक्टरीणबाई तडक उभ्या राहिल्या. "समुद्राच्या कोमट पाण्यात काही जिवाणू असतात. ते जखमेतून शिरले की तासातासाला पसरतात. यकृत अशक्त असलं तर जिवावरच बेततं. औषध आत्ता सुरू करते, पण ऑपरेशनही लगेच करावं लागेल. संध्याकाळपर्यंत थांबला असतात, तर माझ्या हातात काही उरलं नसतं."

अकरा दिवस मी सुनेच्या पिशवीत होते. दवाखान्यातल्या बाकाखाली तिची चप्पल सारखी हलायची, तेवढंच मला ऐकू यायचं. दोष पाण्यातल्या जिवाणूंचा होता, हे मी कानांनी ऐकलं होतं. तरी मला चैन पडेना. आत शिरायला वाट तर मीच करून दिली होती!

आत्या वाचली. डाव्या हाताची दोन बोटं मात्र गेली.

आता कालवं सून उघडते, जाड हातमोजे घालून, नव्या सुरीने. बादलीच्या जागी नळ आणि साबण आलाय. मी भिंतीवरच्या खिळ्याला लटकते. आत्या गिऱ्हाईक पाहते. कधी तिची नजर माझ्यावर पडते. त्या नजरेत राग असतो की माया, मला अजून कळलेलं नाही.

गेल्या आठवड्यात निवृत्त मास्तर आले. त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे दिसत होते. "एक ताट द्या. कच्चीच, लिंबू पिळून."

"मास्तर, तुमचं यकृत बरं नाही ना? शिजवून देते," आत्या म्हणाली.

"अहो, लिंबाने सगळं मरतं!"

"लिंबाने काही मरत नाही. कच्ची मिळणार नाहीत."

मास्तर तणतणत पलीकडच्या शेडकडे गेले. तिथे त्यांच्यापुढे कच्च्या कालवांचं ताट आलेलं पाहून आत्या ओरडली, "पळ गं, सूनबाई! खायच्या आधी ताट काढून घे त्यांचं!"

सून हातमोज्यांसकट पळाली. बाहेर आरडाओरडा झाला, काहीतरी खळ्ळकन फुटलं. ती धापा टाकत परतली. "पुन्हा आपल्या दारात पाऊल ठेवणार नाहीत म्हणाले."

"नाही ठेवलं तरी चालेल," आत्या म्हणाली. "जिवंत राहून दुसऱ्यांच्या दारात तरी ठेवतील." आणि दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच ती पोट धरून हसली.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणणार नाही. माझ्यावर चढू द्या गंज. पण तुमच्या अंगाला साधं खरचटलं असलं तरी ते उघडं ठेवून समुद्रात उतरू नका. लागलंच, तर साबणाने आणि स्वच्छ पाण्याने धुवा. सूज चढू लागली तर उद्याची वाट पाहू नका.

बाहेर आजही ऊन तापलंय. खिळ्यावरून मला पाण्याकडे जाणाऱ्या पायऱ्या दिसतात. पायाच्या अंगठ्याला ओलसर पट्टी बांधलेला एक माणूस, खांद्यावर टॉवेल टाकून, शीळ घालत खाली उतरतोय. आत्याची त्याच्याकडे पाठ आहे. मला ओरडता येत नाही. तुम्ही तरी हाक मारा ना त्याला!