मराठी डबे

बाबांच्या बदलीमुळे लखनौला आलेल्या पूर्वानं वर्गमैत्रीण झैनबचा लिंक्ड लिस्टचा, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या माहितीच्या कप्प्यांचा, कॉम्प्युटर प्रोग्रॅम जसाच्या तसा उचलला. नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला चकवायला तिनं त्यातली नावं तेवढी मराठी केली: डबा, पुढचा, शेवटचा.

सॉफ्टवेअर कसलं चकतंय! दोघी पकडल्या गेल्या. सरांनी दोन्ही प्रोग्रॅम शेजारी ठेवले आणि पूर्वाचीच पाठ थोपटली. "इसने अपनी ज़बान में सोचा है. असली यही है. कल बोर्ड पर सबको समझाना."

झैनबला शून्य मिळालं.  पूर्वानं खरं बोलायची हीच वेळ होती, पण मेलं तोंडच उघडेना. वर त्या प्रोग्रॅममधलं पूर्वाला ओ की ठो कळत नव्हतं.

घरी जाताना महानगर वस्तीकडच्या शेअर ऑटोत झैनब मुद्दाम शेजारी येऊन बसली. आता ही चारचौघांत आपली शोभा करणार, म्हणून पूर्वा अंग चोरून बसली. झैनबनं पेन काढलं आणि स्वतःच्या तळहातावर दोन चौकोन काढले.

"ये तेरा डबा. इसमें अगले डबे का पता रहता है. ठीक से समझ ले. कल तू अटकी, तो नाक मेरे प्रोग्राम की कटेगी."