महाराजांची कृपा आणि मीठ मारलेला बर्फ

माणसाच्या भुकेवर अखेर विजय मिळाला. ही ऐतिहासिक घटना वर्सोव्यातल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये घडली. पडद्यांना आदल्या रात्रीच्या बिर्याणीचा वास अजून येत होता.

क्षुधाहरण महाराज दर रविवारी तिथे बसत. रांग पार मासळी सुकवायच्या मैदानापर्यंत जाई. हिंदू, ख्रिस्ती, बौद्ध, सगळे रांगेत. पोटं सगळ्यांचीच सुटलेली. महाराज भक्ताला शर्ट वर करायला लावत, मोरपिसांचा जुडगा पोटाला टेकवत आणि गरजत, "क्षुधे, चालती हो!" बारीकसा चावा बसे. "कृपा आत गेली." मग आठवडाभर भूक लागत नसे. ज्यांना ओकाऱ्या होत, त्यांचं पाप बाहेर पडत असे. ज्यांचं पोट तुंबे, त्यांचं पाप हट्टी.

पिसांचे जुडगे एरवी 'कैलासा'त असत. कैलास म्हणजे प्लास्टिकचा निळा बर्फाचा डबा. हिमालयातल्या कृपेला मुंबईचा उकाडा सोसत नाही, असं केतन हा चेला गंभीर चेहऱ्याने सांगे.

लूर्डस माझी मासळीवाली. जुना मधुमेह, रोज इन्सुलिन. तिचीही भूक गेली, गाऊन सैल झाला आणि महाराजांनी आज्ञा केली, "सुई सोड. देव आणि सुई एका पोटात राहत नाहीत." तिने सोडली. वर तिला मान मिळाला, कैलास थंड ठेवायच्या सेवेचा.

"केतनला बर्फातलं काय कळतंय रे?" ती मला ऐटीत म्हणाली. "माझं पापलेट बघतोस ना, कसं दगडासारखं असतं!"

तिच्या सेवेनंतरच्या रविवारी सगळ्यांनी कृपा घेतली आणि त्या आठवड्यात वर्सोव्याला हळूहळू भूक लागू लागली. आधी कुणी चोरून समोसा खाल्ला. मग भक्त उघडपणे जेवू लागले.

पुढच्या रविवारी महाराजांनी डोळे मिटले आणि दोषी सापडली. "हिच्या हाताला मेलेल्या माशांचा वास आहे. हिने कृपा बाटवली!" भरल्या हॉलसमोर. लूर्डस घरी येऊन रडली, तांब्याभर पाणी प्यायली, पुन्हा रडली, पुन्हा प्यायली. रडणं मला समजलं. ती तहान बरी वाटेना. मी तिच्या भाचीला फोन लावला. शर्लिन अंधेरीत डॉक्टर आहे.

शर्लिनने बोटातून रक्त काढलं, मशीनवरचा आकडा पाहिला.

"इन्सुलिन बंद केलंस?"

"महाराज बोलले..."

"तुझ्याऐवजी महाराज मरणार आहेत का?"

चौकशी झाली ती हॉस्पिटलात, सलाईन लागल्यावर.

"मावशी, त्या डब्यात तू नेमकं काय केलंस?"

"काय करणार, बाय? बर्फ फोडला, वर जाडं मीठ मारलं, जुडगे मधे पुरले. मस्त कडक झाले होते."

"इन्सुलिन देताना मी काय सांगितलं होतं? फ्रिजमध्ये ठेव, पण गोठवू नको, फुकट जातं."

"ते औषधाचं, गं! हे देवाचं होतं ना?"

"देव गोठून बिघडतो का, मावशी?"

 

रविवारी शर्लिन रांगेत उभी राहिली, मी तिच्यामागे. जुडगा पोटाजवळ येताच तिने महाराजांचं मनगट धरलं आणि पिसं उपटली. आत इंजेक्शनची पिचकारी होती.

"हे मोरपीस आहे, बेटी."

"मोराला सुई कधीपासून फुटली?" शर्लिन ओरडली. "आणि सगळ्यांना एकच सुई?"

"नाही मॅडम," केतन दुखावला. "मधूनमधून बदलतो."

एवढं ऐकल्यावर रांग मोडली. लोकांनी पोटं झाकली.

पोलीस येईपर्यंत शर्लिन खुर्चीवर चढून बोलत होती. जेवलं की आपल्या आतड्यातून संप्रेरकं सुटतात. पिचकारीतलं औषध म्हणजे त्यातल्या दोन संप्रेरकांची नक्कल करणारं पेप्टाइड, प्रथिनाचा छोटा तुकडा. ते मेंदूला सांगतं, पोट भरलं; जठर सावकाश रिकामं करतं; साखर उतरवतं. आठवड्यातून एकदा टोचायचं. ओकारी हा त्याचा त्रास, पापाचा नव्हे. औषध चांगलं आहे, पण ते तपासून, मात्रा वाढवत वाढवत, डॉक्टरने द्यायचं. मीठ मारलेला बर्फ शून्याच्या खाली जातो. त्यात गोठल्यावर या औषधाचा भरवसा राहत नाही.

"पण गुण तर येत होता!" मागून कुणीतरी म्हणालं.

"येणारच. औषध होतं ना!"

माझं म्हणणं, गुण आला तर तो कशाने आला, एवढं तरी विचारा. आणि चालू असलेलं औषध बंद करायला सांगणाऱ्याला डिग्री विचारा. लाज वाटायचं कारण नाही. भाजीवाल्याला आपण भेंडी कोवळी आहे का ते विचारतोच.

लूर्डस घरी आली. सकाळी मासळी विकते, रोज इन्सुलिन घेते. त्याची बाटली फ्रिजच्या दारात असते, पापलेट वर बर्फाच्या कप्प्यात. भूक तिला व्यवस्थित लागते.