झिमोरुद नावाची एकसष्ट माणसं

सप्टेंबरात कचेरीत एक पत्र आलं. मी तेव्हा आमच्या तालुक्याच्या जन्म-मृत्यू नोंदणीत अकरा वर्षं टेबल सांभाळत होते, आणि पत्रांचं मला काही अप्रूप राहिलं नव्हतं. कुणाला आजोबांच्या जन्माचा दाखला हवा असतो, कुणाला पणजीच्या लग्नाची तारीख. या पत्रात दाखला मागितलाच नव्हता. तेओफिल झिमोरुद नावाचे, देशाच्या पार पूर्व टोकाच्या यारोस्वाफ गावचे एक निवृत्त भूगोलाचे मास्तर होते. त्यांनी वळणदार अक्षरात विचारलं होतं, की पंचेचाळीस सालानंतर आपल्या तालुक्यात झिमोरुद आडनावाचे किती जण जन्मले, किती वारले, आणि वारले ते किती वयाचे होऊन.

आकडे देता येतात, नावं देता येत नाहीत, असं मी कळवलं आणि आकडे पाठवले. माझ्या लेखी विषय संपला. पण ऑक्टोबरात ते स्वतःच आले, नऊ तास रेल्वेनं. उंच, पाठीत वाकलेले, काखेत पुठ्ठ्याची लांब नळी. त्या दिवशी कचेरीत गर्दी नव्हती, म्हणून मी त्यांना चहा दिला. त्यांनी नळीतून देशाचा नकाशा काढला, माझ्या टेबलावर पसरला आणि कोपरे उडू नयेत म्हणून माझेच शिक्के त्यांवर ठेवले.

नकाशावर पेन्सिलीचे ठिपके होते. एक ठिपका म्हणजे एक माणूस. अख्ख्या देशात झिमोरुद फक्त एकसष्ट, असं ते सांगत होते. आडनावांचा कोश, टेलिफोनची पुस्तकं, गावोगावच्या पाद्र्यांना पत्रं, असं करत सहा वर्षांत त्यांनी ती माणसं जमवली होती. चौदा यारोस्वाफच्या आसपास, सहा श्चेचिनला, तीन ग्दान्स्कला. उरलेले अडतीस एकट्या आमच्या तालुक्यात. त्याचं मला नवल वाटलं नाही. आमच्याकडची सगळीच माणसं कुठून ना कुठून गाडीतून उतरलेली. झिमोरुदांचं गाव तर महायुद्धानंतर सरहद्द सरकली तेव्हा गाईगुरं, बियाणं आणि चर्चची घंटा घेऊन एकाच मालगाडीत बसलं होतं, आणि जिथं उतरवलं तिथं जर्मनांच्या रिकाम्या घरांत राहायला लागलं होतं.

नाव खंड्या पक्ष्यावरून पडलं असेल ना, असं मी विचारलं. आमच्या भाषेत खंड्याचं नाव जवळपास तेच आहे.

"सगळे तेच म्हणतात," मास्तर म्हणाले. "मीही वर्गात पोरांना तेच सांगायचो. पण मूळ तसं नाही, बाई. सतराशे त्रेचाळीस सालची चर्चची वही मी पाहिलीय. जानेवारीत, तीन राजांच्या सणाला, पाणचक्कीपाशी बर्फात एक तान्हं पोर सापडलं. आई नाही, बाप नाही. पाद्र्यानं लिहून टाकलं, झिमोरुद. हिवाळ्यात जन्मलेला. त्या एका पोराची आम्ही सगळी."

मला ती गोष्ट फार आवडली. मी नकाशावर वाकून ठिपके बघत राहिले. काही ठिपक्यांभोवती काळी वर्तुळं होती. आमच्या तालुक्यात तर बरीच. ही काय, म्हणून मी सहज विचारलं.

मास्तरांनी कप खाली ठेवला. त्यांचा भाऊ फ्लोरियान बेचाळिसाव्या वर्षी हातातून वस्तू पाडायला लागला. मग बोटं आपोआप हलायची, मग खांदे, मग चालताना नाचल्यासारखं व्हायचं. स्वभाव बिघडला, जीभ जड झाली, शेवटी घास गिळता येईना. डॉक्टरांनी नाव सांगितलं, हंटिंग्टन. रक्तातून येतो. आईबापांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता निम्मी. बहुतेक चाळिशीच्या आगेमागे उगवतो, तोवर माणूस ठणठणीत असतो, आणि तोवर त्याची पोरंही झालेली असतात. भावाला पुरल्यावर मास्तरांनी चुलत्यांना विचारायला सुरुवात केली, तर बऱ्याच घरांत कुणी ना कुणी तसं गेलेलं. त्या घरांच्या ठिपक्यांना काळं वर्तुळ. कुणी म्हणे वाताचा झटका, कुणी म्हणे दारू. ते पोरच घेऊन आलं, की पुढं कुणी बायको म्हणून आली तिनं आणलं, ते आता कळायला मार्ग नव्हता.

"माझी तपासणी झाली. मी सुटलो," ते म्हणाले. "म्हणून तर हिंडतोय. पण या नकाशात एक खोट आहे, बाई. यात मुलीच नाहीत. मुलगी लग्न करून गेली की आडनाव गेलं, आणि रक्त गेलं तिच्याबरोबर. त्या पोरांना कोण सांगणार? ती तर झिमोरुद नाहीत."

जिवंत माणसांच्या नोंदी मी परक्याला दाखवू शकत नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. एका चिठ्ठीवर पत्ता लिहून ठेवला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले.

ते गेल्यावर मी कपाट उघडलं. कामाचं काही निमित्त नसताना वह्या चाळणं नियमात बसत नाही, हे मला ठाऊक होतं. पण आमच्या घरचेही त्याच मालगाडीतून आलेले. माझे नव्हेत, माझ्या नवऱ्याचे. मी बासष्ट सालची लग्नाची वही काढली आणि माझ्या सासूबाईंची नोंद शोधली. लेओकादिया स्क्रोबोत, वय एकोणीस. बापाचं नाव मिखाव. आईचं नाव अपोलोनिया, माहेरचं आडनाव झिमोरुद.

मी वही मिटून परत कपाटात ठेवली. झेनोन, माझा नवरा, त्या वर्षी एकोणचाळीस पुरा करत होता. आमची किंगा बारा वर्षांची होती.

त्यानंतरचे आठवडे कसे गेले ते मला नीटसं सांगता येणार नाही. मी हात बघत होते. झेनोन तांब्याच्या खाणीच्या वर्कशॉपात वायरमन होता. घरी आला की टेबलाशी बसून बोटं वाजवायची त्याची सवय जुनीच, पण आता ते वाजवणं ऐकलं की मी हातातलं काम टाकून बघायला यायचे. एकदा त्याच्या हातून पाना फरशीवर पडला, तर मी ओरडलेच. त्यानं चमकून विचारलं, काय झालं. उंदीर वाटला, असं मी म्हणाले. किंगा उड्या मारत जिना उतरायची, तेही मला बघवेना. आणि सासूबाई. त्यांच्याकडे मी सगळ्यांत जास्त बघत होते. वय एकसष्ट. त्यांची बोटं पिठात, सुईत, बटाट्याच्या सालीत कशी चोख चालायची. सूर्यफुलासारखी टवटवीत तब्येत. मग मला एकेक गोष्ट आठवायला लागली. त्यांच्या आईबद्दल त्या कधीच बोलत नसत. कुणी विचारलंच तर म्हणत, आजारी होती, गेली.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, सर्व संतांच्या दिवशी, आम्ही सगळे कबरस्तानात गेलो. सगळं गाव तिथं असतं. शेवंतीच्या कुंड्या, काचेतले दिवे, मेणाचा वास. झेनोन किंगाला घेऊन त्याच्या वडिलांच्या कबरीकडे दिवा लावायला गेला. सासूबाई आपल्या आईच्या दगडावरचं शेवाळ ब्रशनं घासत होत्या. दगडावर लिहिलं होतं, अपोलोनिया स्क्रोबोत, सत्तेचाळीस वर्षं.

मी शेजारी गुडघे टेकून बसले आणि हळूच विचारलं, "आई, त्यांचे हात हलायचे का?"

ब्रश थांबला. बाजूनं ओळखीची एक बाई नमस्कार करत गेली. सासूबाईंनी तिला हसून उत्तर दिलं. ती लांब जाईपर्यंत त्या तशाच हसत होत्या.

"कुणी सांगितलं तुला?" त्या म्हणाल्या.

मी मास्तरांचं सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. पुन्हा घासायला लागल्या, जोरात, कोरलेल्या अक्षरांत ब्रश घालून.

"गावात म्हणायचे, अपोलोनिया पिते," त्या म्हणाल्या. "थेंबाला शिवली नव्हती ती. मी सोळा वर्षांची होते. तिला खुर्चीला बांधून चमच्यानं भरवायचे. तिच्या बापाचंही तेच झालं होतं, ते तिनंच मला सांगितलं. जीभ वळत होती तोवर."

"मग एवढी वर्षं तुम्ही बोलला नाहीत?"

"काय बोलू? रोज सकाळी उठून दोन्ही हात असे समोर धरते आणि बघते. चाळीस वर्षं झाली, रेगिना. झेनोन पोटात राहिला तेव्हा मी बावीस वर्षांची होते, अजून अक्कल नव्हती. त्यानंतर दुसरं होऊच दिलं नाही. त्याचा बाप मरेपर्यंत मला दूषण देत होता."

मी म्हटलं, आता रक्त तपासता येतं. तुम्ही एकसष्ट वर्षांच्या, अजून काही झालं नाही, कदाचित तुम्ही सुटला असाल. तुम्ही सुटला असाल तर झेनोन सुटला, किंगा सुटली.

"आणि नसले तर?"

 त्या उठल्या, गुडघ्यावरची माती झटकली आणि म्हणाल्या, की त्यांना काही तपासायचं नाही, आणि मी हा विषय पुन्हा काढायचा नाही. आठ दिवस त्या माझ्याशी मीठ मागण्यापुरत्यासुद्धा बोलल्या नाहीत.

नवव्या दिवशी दुपारी त्या पिएरोगी, म्हणजे उकडायच्या करंज्या, करायला पीठ लाटत होत्या. मी जाऊन समोर उभी राहिले.  सासूबाईंना मी आयुष्यात कधी उलट बोलले नव्हते.

"आई, तुम्ही जाणार नसाल तर मला झेनोनला सांगावं लागेल. मग त्याला स्वतःचं रक्त द्यावं लागेल. त्याचा त्यानं निर्णय घ्यावा."

लाटणं थांबलं. "त्याला नको सांगूस."

"मग मी काय करू? मी रोज त्याच्या बोटांकडे बघते. जेवताना बघते. त्याच्या लक्षात येईल."

त्यांनी वाटी उचलली. मग वाटीच्या कडेनं गोल कापत म्हणाल्या, "व्रोत्सवाफच्या दवाखान्यात कधी जायचं ते ठरव. डोळे दाखवायला जातोय असं सांगू घरी."

व्रोत्सवाफच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या भेटीत रक्त घेतलंच नाही. तासभर बोलल्या आणि परत पाठवलं, महिनाभर विचार करा म्हणाल्या. मला त्यांचा राग आला. सासूबाईंना नाही आला. दुसऱ्या खेपेला रक्त दिलं, आणि निकालाला बत्तीस दिवस लागले. त्या दिवसांत नाताळ आला. ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी पवित्र पोळीचा तुकडा एकमेकांना देऊन शुभेच्छा द्यायच्या असतात. सासूबाई झेनोनसमोर पोळी हातात धरून उभ्याच राहिल्या. तो हसून म्हणाला, "आई, म्हातारी झालीस." त्यांनी नुसता त्याचा चेहरा कुरवाळला. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

जानेवारीच्या मध्यावर निकाल हातात आला. डॉक्टरीणबाईंनी आधी खुर्च्या सरकवल्या, आणि मला वाटलं, संपलं. मग त्या म्हणाल्या, की सासूबाईंच्या रक्तात तो दोष नाही, म्हणून त्यांच्याकडून तो पुढे कुणाकडे गेलेलाही नाही.

सासूबाईंनी विचारलं, "बाटलीवर माझंच नाव होतं का?"

डॉक्टरीणबाईंनी कागद वळवून दाखवला. सासूबाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, घडी घातली, आणि पर्समध्ये ठेवला. बाहेर आल्यावर त्या दवाखान्याच्या बाकावर बसल्या. मला वाटलं रडतील. मला तर केव्हाचं रडू फुटलं होतं. पण त्यांचा चेहरा जाताना होता त्याहून पांढरा पडला होता.

"अलोयझी," त्या म्हणाल्या.

अलोयझी त्यांचा धाकटा भाऊ, श्चेचिनला गोदीत होता. त्याचं आडनाव स्क्रोबोत, म्हणजे मास्तरांच्या नकाशावर तो नव्हताच. दोन वर्षं तो कुणाच्या लग्नाला आला नव्हता, बारशाला आला नव्हता. त्याच्या बायकोनं फोनवर सांगितलं होतं, की तो प्यायला लागलाय, धड उभा राहत नाही. सासूबाईंनी ते ऐकून फोन ठेवला होता आणि आम्हाला कुणाला काही सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही झेनोनला सगळं सांगितलं. तो उठला, कोट घातला आणि बाहेर निघून गेला. तीन दिवस आम्हा दोघींशी बोलला नाही. चौथ्या दिवशी श्चेचिनची चार तिकिटं घेऊन आला.

दार अलोयझीमामांनीच उघडलं. मी फक्त त्यांचा झटके देणारा खांदा बघितला आणि खाली बघितलं. सासूबाईंनी त्यांना घट्ट धरलं, त्या हलणाऱ्या हातांसकट, आणि बराच वेळ सोडलं नाही. मामांची मुलगी दोरोता एकोणतीस वर्षांची, सहावा महिना लागलेला. टेबलाशी बसून तिनं सगळं ऐकलं. आजाराबद्दल तिनं एकही प्रश्न विचारला नाही. तिनं एवढंच विचारलं, की निकाल यायला किती दिवस लागले.

"बत्तीस," सासूबाई म्हणाल्या.

"ते कसे काढलेत, आत्या?"

सासूबाईंनी थोडा विचार केला. "झोप यायची नाही," त्या म्हणाल्या. "तू इथं एकटीनं नको काढूस. आमच्याकडे ये."

दोरोता फेब्रुवारीत आली. बाळंतपण होईपर्यंत राहिली, आणि रक्त दिलं नाही. अजून दिलेलं नाही.