शिफ्टचा अर्ज

माझ्या शेजारच्या खोलीत रमाकांत सर राहतात. सरकारी शाळेत इंग्रजी शिकवतात, मूळचे देवगडचे. माणूस देवासारखा, पण एक खोड वाईट. त्यांच्यापुढं इंग्रजी शब्द टाकला की त्याच्या सात पिढ्या उकरल्याशिवाय सोडत नाहीत. आणि मला नेमका त्यांच्याकडूनच अर्ज लिहून घ्यायचा होता.

अर्ज शिफ्टचा. मी सिल्वासात धाग्याच्या कंपनीत पॅकिंगला. माझे मिस्टर समाधान तिथंच मशीनवर. मला पहिली शिफ्ट, सात ते तीन. ह्यांना दुसरी, तीन ते अकरा. माझी सुट्टी रविवारी, ह्यांची गुरुवारी, आणि त्या दिवशीही ओव्हरटाइम. मी निघते तेव्हा हे झोपलेले, हे येतात तेव्हा मी झोपलेली. दोन वर्षं आमचा संसार गेटवर चालला, दुपारी तीनला, पाच मिनिटं. डाळ संपली, गावाहून फोन आला, गॅसचा नंबर लावलाय, की झालं. गुजराती सुपरवायझरला किती विनवलं, तर म्हणे, "बेन, इंग्लिशमां अरजी आपो." अर्ज द्या, तोही इंग्रजीत!

सरांनी कागद घेतला, "शिफ्ट" एवढंच लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. मी मनात म्हटलं, झालं, बसा आता!

"सरिताताई, हजार वर्षांपूर्वी या शब्दाचा अर्थ होता वाटणी करणं. मग झाला बदलणं. मग अंगावरचा कपडा बदलायचा म्हणून बायकांच्या आतल्या झग्यालाही शिफ्टच म्हणायला लागले."

"अहो सर!"

"भाषाच आहे ती. लबाडीलाही शिफ्ट म्हणायचे. आहे त्यात कसंबसं भागवायचं, तेही शिफ्ट. कामगारांची पाळी फार नंतर आली."

"सर, मला झगा नको, लबाडी नको. आम्हा दोघांना पहिली पाहिजे, एवढं लिहा की!"

लिहिलं बिचाऱ्यांनी. पंधरा दिवसांत मंजूरही झालं. मी एवढी हरखले की अख्ख्या चाळीत पेढे वाटले.

पहिल्या संध्याकाळी झणझणीत शेवभाजी केली, दोन ताटं मांडली. ह्यांनी आपलं ताट उचललं, भिंतीकडं तोंड करून बसले आणि मोबाइल बघत जेवले. एकट्यानं जेवायची सवय. म्हटलं, सुटेल हळूहळू. कसलं काय! ह्यांना पंखा पाचवर हवा, मला सर्दी. चहात आलं घातलं तर तोंड वाकडं केलं. ह्यांचं आलं कधी बंद झालं, मला पत्ताच नव्हता. गेटवर पाच मिनिटं पुरत नव्हती, आणि आता अख्खी संध्याकाळ पुढ्यात पडलेली, तर बोलायला काही नाही. आठव्या दिवशी मी ह्यांच्याकडं नुसती बघत बसले होते, तर म्हणाले, "काय बघते अशी? अवघडल्यासारखं होतं मला."

फार लागलं ते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे बाहेर पडले, तशी मी तडक सरांकडं गेले. ह्यांची दुसरी शिफ्ट परत मागायचा अर्ज लिहा, म्हणून सांगायला.

दारातच थबकले. भाजी आणतो म्हणून घरातून निघालेले आमचे हे सरांसमोर स्टुलावर बसलेले.

सर म्हणाले, "बरं झालं आलात. ह्यांना दुसरी शिफ्ट परत हवी आहे. अर्जात कारण द्यावं लागतं. मघापासून विचारतोय, सांगतच नाहीत."

हे खाली बघत होते. मग म्हणाले, "लिहा सर. घरात बायको परकी वाटते. काय बोलावं सुचत नाही. काही चुकीचं बोलून बसेन, अशी भीती वाटते."

माझ्या अंगाचा भडका व्हायला हवा होता. झाला नाही. मी तरी दुसरं काय सांगायला आले होते?

सरांनी पेन टेकवलं, तसा मी कागद ओढून घेतला.

"थांबा सर, महिनाभर थांबा. लग्न ठरवताना आम्ही वीस मिनिटं भेटलो होतो. लग्नानंतर पाच वर्षं मी गावी, हे इथं, मग भेटलो ते गेटवर. आता जरा ओळख होऊ द्या."

ह्यांनी मान वर करून माझ्याकडं नीट पाहिलं, आणि लग्नाला सात वर्षं झालेली मी, अशी लाजले की विचारू नका.