कपाच्या कानाला लागलेली काव

आजही फळीवरच्या एका कपाचा कान चेपलेला होता. धक्का लागून वाकावा तसा तो वाकला नव्हता. कुणीतरी अंगठ्याने सावकाश, मन लावून दाबत बसावं, तसा तो सपाट झाला होता. भिंगरीने कप उचलला आणि समोर बसलेल्या मावसबहिणीकडे पाहिलं. ती ओल्या स्पंजने कपांच्या कडा पुसत होती. तिची मान खाली होती, आणि मुद्दामच खाली आहे असं भिंगरीला वाटलं.

घरामागच्या त्या लांबट खोलीला आई कारखाना म्हणे. कारखाना म्हणजे एक चाक, अंगणातली एक भट्टी आणि दोन मुली. आई चाकावर कप उतरवी. शाळेतून आल्यावर भिंगरी त्यांना पातळ मातीचं बोट लावून कान जोडी. मावशीला परगावी नोकरी लागल्यापासून ही मावसबहीण इथे राहून कॉलेजात जात होती आणि दुपारी मदतीला बसत होती. भिंगरी तिला ताई म्हणे, पण अलीकडे तो शब्द तिच्या जिभेवरच अडू लागला होता.

संशयाला कारण होतं. जिचा हात नेमका, तिला सुट्टीत भट्टी लावायला शिकवीन, असं आईने म्हटलं होतं, आणि त्यानंतरच कपांचे कान बिघडू लागले. तेही फक्त भिंगरीच्या उजव्या हाताशी असलेल्या फळीवरचे. शिवाय रेडिओ होताच. गाणं रंगात आलेलं असताना मध्येच तुटे आणि जाहिरात नाहीतर बातम्या सुरू होत. स्टेशन बदललंस का म्हणून विचारलं, की ताई तिच्याकडे अशी बघे, जणू हिलाच वेड लागलं आहे.

शेवटी दोघींची जुंपली ती आईसमोरच. कान भिंगरीच दाबते, असं ताईने सांगून टाकलं. टक लावून बघत बसते, तोंडात लिमलेटची गोळी घोळवावी तसं चघळते, हाक मारली तरी ओ देत नाही. आपल्याला वेडावून दाखवते आहे असंच आधी वाटलं, असंही ती म्हणाली. भिंगरीने त्यावर एवढंच म्हटलं, की चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

आईला मात्र हे फार लागलं. भिंगरीला लहानपणापासून अपस्मार होता. फिट आली की ती कोसळे, हातपाय झाडी, जीभ चावली जाऊन उशी लाल होई. आता बरेच महिने तसं काही झालं नव्हतं आणि डॉक्टरीणबाई गोळ्या हळूहळू कमी करत होत्या. अशा वेळी त्याच दुखण्याच्या आडून मुलीवर आळ?

"तिचं दुखणं तू मला शिकवू नकोस," आई म्हणाली. "फिट कशाला म्हणतात ते या घराने बघितलंय. आता आणखी एक कप बिघडला, तर रविवारी तुला काकांकडे पोचवून येते."

काकांच्या गावाला कॉलेज नव्हतं. हे तिघींनाही ठाऊक होतं.

आणि आज हा कप. भिंगरीने तो आईला दाखवला नाही. आईसमोर ठेवायचा तर पुरावाही ठसठशीत हवा, असं तिने ठरवलं. तिने कप गुपचूप मातीच्या बादलीत टाकला. दुसऱ्या दिवशी ताई यायच्या आत तिने कपांवर रेघा ओढायची तांबडी काव घेतली आणि कोरड्या कुंचल्याने उजव्या फळीवरच्या प्रत्येक कानाला आतून लावून ठेवली. वरून काही दिसत नव्हतं. ज्याचा अंगठा आत जाईल, त्याला मात्र ती सोडणार नव्हती. मग भिंगरीने नखांच्या कडांसकट हात घासून धुतले आणि जागेवर येऊन बसली. मांजर दुधापाशी बसतं तशी.

ताई आली. स्पंज भिजवून ती कडा पुसू लागली. रेडिओवर एक बाई गात होती. भिंगरी कान जोडत होती, पण सगळं लक्ष ताईच्या बोटांवर होतं. तेवढ्यात तिच्या पोटात खड्डा पडला, उंच गेलेला झोका खाली येताना पडतो तसा, आणि पाठोपाठ जळक्या चिंधीचा वास आला. दोन्ही तिच्या ओळखीचं होतं. ताईचा राग आला की असं होतं, अशी तिने मनाची समजूत घालून ठेवली होती.

बाई गात होती.

कुणीतरी भाजीचे भाव सांगत होतं.

"परत बदललंस ना स्टेशन?" भिंगरी म्हणाली. जीभ जड झाली होती.

ताई उभी होती. हातातला स्पंज तिने टाकून दिला होता आणि दोन्ही तळवे भिंगरीसमोर धरले होते. त्यांवर पांढरी माती होती. तांबडं काहीच नव्हतं.

भिंगरीने खाली पाहिलं. फळीवरचा पहिलाच कान सपाट झाला होता आणि तिच्या उजव्या अंगठ्यावर काव होती, पेराच्या रेषांत बसलेली. तिचा पहिला विचार हाच, की ताईने आपल्याला ती लावली. पण मग मधला वेळ कुठे गेला? अंगठा धरून कुणी रंग फासावा आणि आपल्याला कळूही नये?

मग तिला डॉक्टरीणबाई आठवल्या. मागच्या खेपेला त्यांनी विचारलं होतं, मध्येच एकटक बघतेस का, ओठ हलतात का, थोडा वेळ हरवल्यासारखा वाटतो का? न पडताही फिट येते, असंही त्या म्हणाल्या होत्या. तिने चटकन नाही म्हणून टाकलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. हरवलेला वेळ हरवणाऱ्याला दिसणार कसा? तिला दिसलं होतं ते फक्त तुटलेलं गाणं.

दार ढकलून आई आत आली. तिची नजर भिंगरीच्या तोंडावर खिळली. ओठांवर आणि नाकाच्या शेंड्यावर तांबडं फासलेलं होतं.

"रक्त?" आई ताईकडे वळली. "हात उचललास तिच्यावर?"

ताईने तळवे खाली केले. आपलं कुणी ऐकेल ही आशा तिने सोडली असावी. भिंगरीने गप्प राहावं, एवढंच पुरेसं होतं. ताई रविवारी गेली असती, आणि भट्टी भिंगरीची झाली असती. बोललं तर गोळ्या पुन्हा वाढणार होत्या. शिवाय, जिला मध्येच स्वतःचाच पत्ता नसतो, तिला आई भट्टीच्या आसपासही फिरकू देणार नव्हती.

"रक्त नाही, आई. काव आहे. मीच लावून ठेवली होती, ताईला पकडायला." तिने अंगठा पुढे केला. "मला फिट आली होती. कपांचे कान मीच दाबत होते."

"पण तू पडली नाहीस," आई म्हणाली. तिच्या स्वरातला संशय आता नक्की कुणावर होता, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"न पडताही येते. ताईला विचार. तिनेच बघितलंय."

आईने स्टूल ओढलं आणि बसली. आधी काय होतं, कुठला हात हलतो, हाक ऐकू येते का, असं ती एकेक विचारत गेली. ताई तुटकपणे सांगत गेली. आधी हातातलं काम थांबतं, मग ओठ चघळल्यासारखे हलतात, मग अंगठा चालतो, शेवटी नाक पुसते. भिंगरी ऐकत होती. दुसऱ्याच कुठल्या मुलीची चहाडी चालली असावी, तसं तिला ते वाटत होतं. आईने डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि उद्याची वेळ घेतली. मग ताईकडे न बघताच ती म्हणाली, "तूही चल. मला काय सांगता येणार?"

ताई फळीपाशी गेली. तिने चेपलेला कप उचलून बादलीत टाकला, आपलं स्टूल उचललं आणि ते भिंगरीच्या उजव्या हाताशी आणून ठेवलं.

"जा, तोंड धू आधी," ती म्हणाली. "आणि एक सांगून ठेवते. त्या रेडिओला मी कधीच हात लावलेला नाही."